रक्तदाब, रक्तवाहिन्या आणि उतारवयातील बुद्धी

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत स्वारगेट येथे केलेले भाषण)



बँकेतल्या एका कारकुनाने हृदय आणि मेंदू या विषयावर बोलावे, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. आम्ही डॉक्टर नव्हे. पदवी कला शाखेची, त्यातही मराठी विषय घेऊन. चिटणीसांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की आम्ही बचत किंवा शैक्षणिक कर्ज यावर बोलू. पण या दुसऱ्या विषयाची फी आम्ही घरात भरलेली आहे, म्हणून तोच मागून घेतला. जे सांगणार आहोत ते वाचून, डॉक्टरांना विचारून आणि बरेचसे उशिरा शिकून सांगत आहोत.

सुरुवात आमच्या काउंटरपासून करतो. नोव्हेंबर महिना आला की निवृत्तिवेतन घेणारी मंडळी हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात. रांगेत उभे राहून गप्पा मारतात, जुन्या साहेबांच्या आठवणी काढतात. त्यात काहींची सही जुळत नाही. हात थरथरतो म्हणून जुळत नाही ती गोष्ट वेगळी. पण काहींना सही करताना मध्येच थांबावे लागते, पुढचे अक्षर कोणते ते सुचत नाही. कोणी पैसे काढून नेतो आणि अर्ध्या तासाने परत येऊन विचारतो, माझे पैसे आले का? मागची रांग हसते. पूर्वी आम्हीही मनातल्या मनात हसत होतो. म्हातारपण आहे, चालायचेच, असे म्हणून पुढचे पासबुक हातात घेत होतो.

आमचे वडील, अण्णा, एस. टी. मध्ये वाहक होते. स्वारगेट आगारात त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे गेली. आज यंत्रातून तिकीट निघते, तेव्हा तिकिटांचा ट्रे आणि चिमटा असे. पन्नास-साठ उतारू, प्रत्येकाचा टप्पा वेगळा, कोणाचे अर्धे तिकीट, कोणाला सुटे पैसे देणे बाकी; हा सगळा हिशोब अण्णा तोंडी करीत, आणि रात्री रोकड भरताना तो पैशाला पैसा जुळत असे. १९९४ साली वैद्यकीय तपासणीत त्यांना रक्तदाब निघाला. तेव्हा त्यांचे वय सेहेचाळीस होते. आम्ही आज सेहेचाळीस वर्षांचे आहोत, हेही सांगून ठेवतो.

डॉक्टरांनी गोळी दिली. अण्णांनी ती महिनाभर घेतली, बरे वाटले, म्हणून बंद केली. पुढे डोके दुखले की एखादी घ्यायची, नाही दुखले की नाही. घरात कोणी टोकले नाही. रक्तदाब म्हणजे रागीट माणसाचा आजार आणि अण्णा तर शांत स्वभावाचे, अशी आमची समजूत. शिवाय अंगाने सडपातळ. सडपातळ माणसाला कसली साखर आणि कसला दाब? निवृत्तीनंतर साखरही निघाली.

२०११ साली एके दिवशी सकाळी चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातला कप निसटला. बोलणे जड झाले. पाऊण तासात सगळे पूर्ववत झाले आणि अण्णा पेपर वाचत बसले. आम्ही म्हटले, झोप नीट झाली नसेल. त्या दिवशी आमची बँकेत तिमाहीअखेर होती, आम्ही कामावर गेलो. आज कळते की तो पाऊण तास म्हणजे मेंदूने दिलेली नोटीस होती. मेंदूकडे जाणारी वाहिनी काही काळ अडली आणि सुटली. अशा झटक्यानंतर पुढचे काही दिवस फार धोक्याचे असतात आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे असते. आम्ही गाठले नाही.

पुढे दोन-तीन वर्षांत जे झाले ते आम्ही ओळखले नाही, कारण आमच्या डोक्यात विसरभोळेपणाचे चित्र वेगळे होते. माणूस नावे विसरतो, नातवंडांना ओळखत नाही, असे आम्हाला वाटे. अण्णा तर सगळ्यांना ओळखत होते. स्वारगेट, कात्रज, खेड-शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा, सुरूर, पाचवड, सातारा, सगळे टप्पे क्रमाने म्हणून दाखवीत. पण सत्तर रुपयांची भाजी घेतली, शंभराची नोट दिली, परत किती, इथे ते अडत. आयुष्यभर सुटे पैसे मोजलेला माणूस! आंघोळीला गेले की आधी पाणी घ्यायचे की आधी कपडे काढायचे यात घोटाळा होई. चालणे बारीक पावलांचे झाले. लघवीची घाई होऊ लागली. काही नवे सुरू करायचे म्हटले की नुसते बसून राहत. आम्ही चिडायचो. "अण्णा, तुम्ही मुद्दाम करता का?" असे आम्ही त्यांना एकदा नव्हे, पुष्कळदा म्हणालो. ते काही उत्तर देत नसत.

एका डॉक्टरांनी वयोमान म्हणून सोडून दिले. दुसऱ्यांनी मेंदूचा एमआरआय काढायला लावला. त्या फिल्मवर त्यांनी आम्हाला मेंदूच्या खोल भागातले बारीक बारीक ठिपके दाखवले. म्हणाले, हे सगळे छोटे झटके आहेत, यातले बरेचसे तुम्हाला किंवा त्यांना कळलेही नसतील. आणि हा पांढरा भाग वर्षानुवर्षे रक्तदाब ताब्यात नसल्याची खूण आहे.

आता हे कसे होते ते आम्हाला समजले तेवढे सांगतो. विद्यार्थ्यांनी इकडे विशेष लक्ष द्यावे. मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अवघे २ टक्के. पण शरीर विश्रांतीत असताना जो प्राणवायू वापरते त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. त्याच्याजवळ साठा नसतो. रोजच्या मजुरीवर रोजचे पोट, तसा हा प्रकार आहे. एक दिवस काम नाही की चूल नाही. रक्त थांबले की काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

हृदय रक्त ढकलते ते ठोक्याठोक्याने, धक्क्याने. तरुणपणी हृदयातून निघणारी मोठी रोहिणी लवचीक असते, तो धक्का ती स्वतःत जिरवते आणि पुढे प्रवाह बराचसा संथ जातो. वय, वाढलेला दाब, साखर, तंबाखू, चरबी यांनी ती नळी ताठ होते. मग प्रत्येक ठोक्याचा धक्का थेट मेंदूतल्या केसासारख्या वाहिन्यांवर बसतो. त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते, एखादी बंद पडते, एखादी फुटते. मेंदूच्या खोल भागातल्या वाहिन्यांना पर्यायी रस्ता फारसा नसतो. आणि त्याच भागातून मेंदूच्या निरनिराळ्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या तारा जातात. म्हणून अण्णांना टप्पे पाठ होते, आकडेही येत होते, पण दोन्ही एकत्र आणून हिशोब करता येत नव्हता. कोठारे शाबूत होती, रस्ते खचले होते.

रक्तवाहिन्यांमुळे होणारा हा स्मृतिभ्रंश बरेचदा पायरीपायरीने उतरतो. काही महिने जैसे थे, मग एकदम एक पायरी खाली. १९०६ साली जर्मनीत डॉ. अल्झायमर यांनी ज्या रोगाचे वर्णन केले आणि जो पुढे त्यांच्या नावाने ओळखला गेला, तो हळूहळू उताराने जातो आणि त्यात बहुधा नवी आठवण आधी जाते. दोन्ही रोग वेगळे, असे पुष्कळ वर्षे मानले गेले. पण उतारवयात ते एकाच डोक्यात बरेचदा एकत्र नांदतात. अमेरिकेत काही कॅथलिक जोगिणींनी मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी दिला. १९९७ साली त्यावरून प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, अल्झायमरच्या खुणा असलेल्या ज्या मेंदूंत जोडीला छोटे झटकेही होते, त्या जोगिणींची बुद्धी जिवंतपणी अधिक ढासळलेली होती. म्हणजे एका रोगावर आपला इलाज चालत नसला, तरी दुसऱ्याची भर पडू न देणे काही अंशी आपल्या हातात आहे.

वाढत्या वयाबरोबर दाब वाढणारच, ही समजूत फक्त आमच्या घरची नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वाढलेल्या रक्तदाबाने आणि दुबळ्या हृदयाने आजारी होते, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या काळी जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसालाही देण्यासारखी चांगली गोळी नव्हती. पुढे १९४८ साली तिथे फ्रॅमिंगहॅम गावच्या ५२०९ लोकांची वर्षानुवर्षे तपासणी सुरू झाली, आणि दाब, कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध जगाला कळला. रूझवेल्टना जे मिळाले नाही ते आज आपल्या मनपाच्या दवाखान्यात मिळते आणि आपण ते कपाटात ठेवून देतो.

आता सडपातळपणाची गोष्ट. ही आपल्या पुण्याची आहे आणि आम्हाला फार आवडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. यडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचेही सारखे, निर्देशांक २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबी, अशी आपली घडण. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचे वजनही त्यांनी इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिले. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची, तरी कातडीखालची चरबी आपल्या बाळांनी बरीच राखून ठेवलेली, कमी होते ते मांस. तेव्हा ज्या माउल्यांनी अर्धपोटी राहून आपल्याला वाढवले, त्यांच्या उपाशीपणाचे व्याज आपल्या रक्तवाहिन्या भरत आहेत, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. काटा सडपातळ दाखवतो म्हणून निश्चिंत राहू नये. कमरेचा घेर मोजावा, साखर तपासावी.

त्याच रुग्णालयाच्या आणखी एका अभ्यासाचा उल्लेख करतो. पुणे आणि परिसरातल्या ४४१ पुरुषांचे रक्त तपासले, ते २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघाले, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. ते कमी झाले की रक्तात होमोसिस्टीन नावाचा पदार्थ वाढतो, त्याचा संबंध रक्तवाहिन्यांच्या आजाराशी दिसतो, आणि नसांना व स्मरणाला तर त्या कमतरतेने थेट इजा होते. आपल्यापैकी काहींनी मांसाहार सोडला आहे, त्यांच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. पण त्यांनी हे रक्त तपासून घ्यावे. विसरभोळेपणाची काही कारणे दुरुस्त होणारी असतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, मनाची उदासी, ऐकू न येणे ही त्यातली. म्हातारपण म्हणून सोडून दिले तर ही दुरुस्त होणारी कारणेही तशीच राहून जातात.

दाब ताब्यात ठेवल्याने बुद्धी खरोखर वाचते का, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत पन्नाशी उलटलेल्या ९३६१ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. एका गटाचा वरचा दाब १४० च्या खाली आणि दुसऱ्याचा १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केला. २०१९ साली निष्कर्ष आले, की कडक नियंत्रणाच्या गटात बुद्धीची सौम्य घसरण सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळली. पूर्ण स्मृतिभ्रंशाबाबत मात्र त्या प्रयोगातून खात्रीचे उत्तर मिळाले नाही. मग चीनमधून बातमी आली. तिथल्या ३२६ खेड्यांत, चाळिशीपुढच्या जवळजवळ ३४ हजार लोकांवर प्रयोग झाला. मोठे डॉक्टर नव्हेत, तर गावातले आरोग्यसेवक दाब मोजत, गोळ्या देत, मीठ कमी करायला सांगत. चार वर्षांनी त्या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी निघाला. हे २०२५ साली प्रसिद्ध झाले. आम्हाला अमेरिकेपेक्षा या चीनच्या बातमीचे महत्त्व अधिक वाटते. कारण हे काम आपल्या आशाताईंना, आपल्या वस्तीतल्या नर्सताईंना आणि बारावी झालेल्या मुलामुलींनाही शिकून करता येण्यासारखे आहे. यासाठी परदेशी यंत्रसामग्री लागत नाही.

प्रश्न केवढा आहे? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, शहरापेक्षा खेड्यात अधिक. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पाहणीत देशात मधुमेही १० कोटींवर आणि उच्च रक्तदाबाचे ३१ कोटींवर असल्याचा अंदाज आला. २०२४ साली जगभरच्या तज्ज्ञांच्या समितीने टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्या सगळ्यांवर उपाय झाले तर ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. दाब, साखर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, लठ्ठपणा, बैठेपणा ही त्यात आहेतच. पण यादीत बालपणी न मिळालेले शिक्षण हेही एक कारण आहे. आपल्या आज्या आणि आया आठवा. ज्यांना शाळेच्या उंबऱ्याआड ठेवले गेले त्यांच्या म्हातारपणी मेंदूकडे शिल्लक कमी राहते, असा त्याचा अर्थ. शिवाय स्मरणशक्तीची परीक्षा तरी कशी घ्यायची? परदेशी चाचणीत वाक्य लिहा, वाचा असे प्रश्न. न शिकलेली शहाणी बाई त्यात नापास व्हायची. आपल्याकडे हरियाणात बल्लभगड येथे निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी १९९५ च्या सुमारास तयार झाली, तेव्हा कुठे हा अन्याय थोडा दूर झाला.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही म्हणाल, आम्ही वीस वर्षांचे, आमचा काय संबंध? इमारतीचा पाया तुमच्या वयात पडतो आणि भेग चाळिशीत पडते. ती दिसते मात्र सत्तरीत. अण्णांची भेग १९९४ ची होती.

आपल्याकडे अमुक करा, तमुक करू नका असे सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून तिकडे फार वेळ घालवत नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावे असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आपण सुमारे ८ खातो. लोणचे, पापड, सुका बोंबील, फरसाण यांत ते लपलेले असते. तंबाखूबद्दल मात्र एक सांगितले पाहिजे. आमचे एक काका म्हणत, पंचशीलात मद्य आहे, तंबाखूचे नाव कुठे आहे? काकांचा पाय पुढे काळा पडून गुडघ्याखाली काढावा लागला. आमच्या भगिनींची मिश्री त्याच जातीची, ती दाताला लावली तरी रक्तात उतरतेच.

चालणे तर इथे फुकट आहे. सारसबाग दोन पावलांवर आहे आणि पर्वती समोर. त्या पर्वतीवर जायला मिळावे म्हणून १९२९ साली आपल्या वाडवडिलांनी सत्याग्रह केला, दगड खाल्ले. आज पहाटे त्या शंभरावर पायऱ्या चढताना कोणी अडवत नाही, तर आपण चादर ओढून झोपतो. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्या चढू नयेत, सपाटीवर चालावे.

बाबासाहेबांनी मधुमेह आणि पायांच्या वेदना सोसत काम केले, असे सांगून काहीजण आपल्या दुखण्याकडे दुर्लक्ष करतात. हे बरोबर नाही. ते औषधपाणी करीत होते, पथ्य सांभाळण्याचा प्रयत्न करीत होते. त्यांच्या नावावर आपला आळस खपवू नये.

गोळीबद्दल लोकांच्या मनात भीती आहे, की एकदा सुरू केली की जन्मभर लागते. होय, बहुतेकांना लागते. चष्माही जन्मभर लागतो. अॅम्लोडिपिनसारखी गोळी जनऔषधी दुकानात चहाच्या कपापेक्षा स्वस्त पडते. दाब उतरला म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करू नये, आणि शेजाऱ्याला चालली म्हणून त्याची गोळीही घेऊ नये. वयस्कर माणसाचा दाब किती खाली आणायचा हे डॉक्टरांनी ठरवायचे, कारण फार उतरला तर चक्कर येऊन माणूस पडतो. आणि तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर तेल चोळत बसू नये, घड्याळ पाहून निघावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सीटी स्कॅन झाल्यावर. आपोआप बरे वाटले तरी निघावे. हे वाक्य आम्ही तुमच्यासाठी म्हणतो तेवढेच २०११ सालच्या आमच्यासाठी म्हणतो.

बँकेचा माणूस म्हणून थोडे. घरात अशी सुरुवात दिसली तर वडीलधाऱ्यांना समज आहे तोवर खाते संयुक्त करावे, वारसनोंद पाहावी. मुखत्यारपत्र देणाऱ्याला कळत असतानाच होते, नंतर नाही. सही येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन पैसे देण्याची सोय आहे, त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. आजारी माणसाला खुर्चीत घालून शाखेत आणायची गरज नसते, आधी येऊन विचारावे. आणि सही जुळत नाही म्हणून आमच्यातला कोणी वसकन ओरडला, तर त्याला हे भाषण वाचायला द्यावे.

अण्णा २०१९ साली गेले. शेवटच्या वर्षी आम्ही चिडणे सोडले होते, कारण कारण कळले होते. आई त्यांच्या हातात दहा-दहाची नाणी देई आणि ते ती रचत बसत. दहाची एक थप्पी झाली की आमच्याकडे सरकवीत, वाहकाने रोकड भरावी तशी. आम्ही मोजून "बरोबर आहे अण्णा" म्हणत असू. कधी नऊ असत, कधी अकरा.

गेल्या वर्षी आपल्या संस्थेच्या शिबिरात आमचा दाब १५० वर ९६ निघाला. अण्णांसारखेच आम्हालाही काहीही होत नव्हते. दोन दिवस आम्ही ते कोणाला सांगितले नाही. मग सौभाग्यवतींनी कागद पाहिला. आता रोज सकाळी गोळी, आणि दर रविवारी वहीत नोंद. आज सकाळचा आकडा १३२ वर ८४ आहे.

शेजारच्या खोलीत संस्थेचे दाब मोजायचे यंत्र ठेवले आहे, आणि आपल्या वस्तीतल्या नर्सताई तिथे बसल्या आहेत. चहा नंतर घ्या, चहाने आणि जिना चढून आल्याने आकडा चढतो. पाच मिनिटे शांत बसा, पाय जमिनीवर टेकवा आणि मग हात पुढे करा. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचे नाव रजिस्टरमध्ये लिहायचे आहे. ज्यांचा आकडा १४० वर ९० किंवा त्याहून अधिक येईल त्यांना पुढच्या रविवारी पुन्हा बोलावले आहे. त्या दिवशी रजिस्टरवर आम्ही स्वतः बसणार आहोत.